नळाचे पिंप घरी आणण्यापूर्वी

गेल्या पंधरवड्यात भालकी तालुक्यातील एका खेड्याहून आमच्याकडे एक पत्र आले. पत्राच्या एका बाजूस वडिलांचे अक्षर आहे, दुसऱ्या बाजूस आईचे. ह्या दांपत्याचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. शेजाऱ्यांचे पाहून तोही तेथे घरच्या घरी बिअर करू लागला आहे. आजवर ती तो बाटल्यांत भरीत असे. आता बाटल्या धुण्याचा कंटाळा येऊन, ती पोलादी पिंपात भरावी व नळाने काढावी, असा त्याचा बेत आहे. ह्या पिंपास तिकडे केग म्हणतात. नाताळास तो गावी येणार आहे, आणि बहिणीच्या लग्नासाठी तसाच एक संच येथेही उभारावा, असे त्याने कळविले आहे. वडील विचारतात, "सामान कोणते घ्यावे, कोणते टाळावे, हे सांगाल काय?" आईने मात्र दोनच ओळी लिहिल्या आहेत: "माझे थोरले दीर दारूपायी गेले. असले पिंप ह्या घरात येऊ द्यावे काय?"

एकाच कागदावरचे हे दोन प्रश्न आम्हांस सारखेच रास्त वाटतात. एकाचे उत्तर देऊन दुसऱ्याकडे पाठ फिरविणे योग्य होणार नाही. म्हणून दोहोंचाही विचार आज ह्या सदरात करू.

प्रथम कायदा. इंग्लंडमध्ये १८८० सालापासून घरी बिअर करणाऱ्यास परवाना काढावा लागत असे; १९६३ साली तो नियम उठला, आणि स्वतःच्या उपयोगापुरती बिअर करण्यास तेथे मोकळीक झाली. अमेरिकेत १९७८ साली कायदा होऊन ती मोकळीक १९७९ च्या फेब्रुवारीपासून मिळाली. तेथे एका प्रौढ माणसास वर्षाकाठी १०० गॅलन, आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन, अशी मर्यादा आहे. विक्रीस मात्र मुभा नाही. तेव्हा मुलगा तेथे जे करतो ते तेथील कायद्यास धरून आहे. त्यास दोष देण्याचे कारण नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. कर्नाटकात १९६५ चा अबकारी कायदा आहे, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. दोहोंखालीही परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. ते विकले नाही, घरच्या पाहुण्यांनाच पाजले, ही सबब चालत नाही. पुण्यात २००९ साली, आणि त्यानंतर बेंगळुरूत, जागच्या जागी बिअर करून नळाने देणारी उपाहारगृहे निघाली; परंतु ती परवाना घेऊन चालतात. म्हणून वडिलांस आमचे पहिले सांगणे हे की, भालकीच्या वाड्यात बिअर आंबविण्याचा विचार मुलाने सोडून द्यावा. लग्नाच्या मांडवात पोलीस येणे कोणत्याही मुलीच्या बापास परवडणारे नाही.

मग सामानाची चर्चा व्यर्थ आहे काय? नाही. एक तर मुलगा इंग्लंडमध्ये ते घेणारच आहे, आणि त्याने ते शहाणपणाने घ्यावे. दुसरे असे की, हाच संच आले-लिंबाच्या वा कोकमाच्या सरबतास फेस आणण्यासही चालतो. किंबहुना ह्या पिंपाचा जन्मच मुळी सरबतासाठी झाला. अमेरिकेतील कॉर्नेलियस नामक कंपनीची ही पिंपे पूर्वी पेप्सी व कोका-कोला ह्यांचे पाक दुकानोदुकानी पोहोचविण्यासाठी वापरली जात. पुढे पाक पुठ्ठ्याच्या खोक्यातील पिशव्यांतून येऊ लागला, पिंपे अडगळीत पडली, आणि घरी बिअर करणाऱ्यांनी ती स्वस्तात उचलली.

ह्या संचाचे तत्त्व आपल्या गोळी-सोड्याचेच आहे. कर्बाम्लवायू दाबाखाली थंड पेयात मुरतो. दाब सुटला की बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. सोडेवाला यंत्राची चाके फिरवून काही क्षणांत जे करतो, ते केगमध्ये आठ-दहा दिवसांत सावकाश होते. त्यासाठी वस्तू पाच लागतात: थंड जागा, वायूची टाकी, दाब आवरणारा रेग्युलेटर, पिंप आणि नळी-तोटी. दुकानदार पिंपापासून सुरुवात करतो, कारण ते चकचकीत असते. आम्ही सुरुवात थंड जागेपासून करतो, कारण पुष्कळांचे पैसे तेथेच बुडतात.

पेय जितके थंड तितका वायू त्यात अधिक मुरतो. चार अंश उष्णतेवर चौरस इंचास बारा पौंड दाब बिअरला पुरतो. वीस अंशांवर त्याच कामास सुमारे तीस पौंड लागतात, आणि एवढे करूनही तोटी उघडताच पेल्यात निव्वळ फेस पडतो. घरोघरच्या साध्या फ्रिजमध्ये हे पिंप फळ्या काढल्याखेरीज मावत नाही. त्याची उंची सुमारे दोन फूट असते. भरलेल्या पिंपाचे वजन तेवीस-चोवीस किलो होते, ते काचेच्या फळीवर ठेवण्याजोगे नव्हेच. म्हणजे जुना का होईना, वेगळा फ्रिज लागला. आणि ज्या गावी वीज दिवसातून अनेक तास जाते, तेथे तो असूनही नसल्यासारखा. ज्याच्याजवळ थंड जागेची सोय नाही त्याने पुढील चार वस्तू घेऊच नयेत. ओल्या गोणपाटाने माठ गार होतो. केगसाठी तेवढा गारवा पुरत नाही.

आता वायूची टाकी. येथे आम्ही थोडे अधिक थांबणार आहो, कारण ह्या संचात जिवाशी गाठ असलेली वस्तू हीच. टाकीत कर्बाम्लवायू दाबाने द्रवरूप करून भरलेला असतो. आपला स्वयंपाकाचा गॅसही असाच भरलेला असतो, म्हणून लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात. ते चुकीचे आहे. वीस अंशांवर ह्या टाकीतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे सत्तावन्न पट असतो. एकतीस अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि दाब झपाट्याने चढतो. बिदर पठारावर आहे, तेथे थोडे तरी सुसह्य. परंतु कलबुर्गीच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. टाकीत ठराविक वजनाहून अधिक वायू भरलेला असला आणि ती उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत पडली, तर काय होईल ह्याचा विचार वाचकांनीच करावा. टाकी सावलीत उभी ठेवावी व साखळीने भिंतीशी बांधावी. बंद मोटारीत ती ठेवू नये.

विकत घेताना टाकीच्या मानेवरील ठसे वाचावेत. रिकाम्या टाकीचे वजन आणि शेवटच्या चाचणीची तारीख तेथे ठोकलेली असते. पाण्याच्या दाबाची ही चाचणी आपल्या देशात दर पाच वर्षांनी करावी लागते. ह्यासंबंधीचे २०१६ चे नियम पाहणाऱ्या खात्याचे मुख्यालय नागपुरास आहे. चाचणीची मुदत टळलेली टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नये. आग विझविण्याची जुनी टाकी रंगवून दिलेली असेल तर तीही नको. तिच्यात तळापर्यंत गेलेली नळी असते, आणि ती वायूऐवजी द्रव बाहेर फेकते. वायू खाण्यापिण्याच्या कामाचा आहे, वेल्डिंगच्या कामाचा नव्हे, हे भरणाऱ्यास विचारून घ्यावे.

टाकीत किती वायू उरला हे घड्याळ पाहून कळत नाही. आत द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर काटा जागचा हालत नाही, आणि संपत आले की एकदम कोसळतो. ते कळण्याचा मार्ग एकच: टाकी काट्यावर ठेवावी, आणि आलेल्या वजनातून मानेवर ठोकलेले वजन वजा करावे. ज्वारी मोजणाऱ्या घरास हा हिशेब शिकवावा लागू नये. एक पिंप मुरविण्यास व रिते करण्यास मिळून सुमारे एकशे साठ ग्रॅम वायू लागतो. थोडी गळती व वाया जाणारा भाग धरला तर सव्वादोन किलोची टाकी आठ-दहा पिंपांस पुरावी.

परंतु ह्याहून मोठा धोका फुटण्याचा नसून गळण्याचा आहे. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो, म्हणून गृहिणी वेळीच सावध होते. ह्या वायूस वास नाही, रंग नाही, आणि तो हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांस हा वायू चांगला ठाऊक आहे, मात्र नावाने नव्हे. ज्वारीच्या पेवात किंवा जुन्या आडात माणूस उतरविण्यापूर्वी ते कंदील खाली सोडीत. कंदील विझला तर उतरत नसत. धान्य बंद पेवात श्वास घेते आणि हाच वायू तळाशी भरून राहतो. दिव्याची ती परीक्षाही पुरेशी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. दिवा जळत असतानाही वायू घातक प्रमाणास पोहोचलेला असू शकतो. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत सव्वादोन किलोची टाकी रात्रीतून गळाली, तर त्या हवेत शेकडा चारांहून अधिक भाग हा वायू होतो. आणि शेकडा चार हे प्रमाण अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याची संस्था जिवास तात्काळ धोक्याचे मानते. आपल्या घरी मुले जमिनीवर अंथरूण टाकून निजतात. म्हणून निजण्याच्या खोलीत, तळघरात किंवा दारे-खिडक्या बंद असलेल्या कोठीत टाकी ठेवू नये. वापर झाला की टाकीचाच वाल्व बंद करावा. नुसत्या तोटीवर विसंबू नये.

तिसरी वस्तू रेग्युलेटर. टाकीतील प्रचंड दाब आवरून दहा-बारा पौंडांवर आणण्याचे काम तो करतो. त्याच्यावाचून टाकी पिंपास जोडणे म्हणजे पुराचे पाणी घागरीत घेणे होय. काटकसर कोठेही करावी, येथे करू नये. तो नवा घ्यावा, दाब वाढल्यास आपोआप सुटणारी झडप त्यास असावी, आणि शक्य तर दोन घड्याळे असावीत. इंग्लंडमध्ये घेतलेल्या रेग्युलेटरच्या आट्या येथील टाकीस बसतीलच असे नाही. न बसल्यास गावच्या लोहाराकडून आट्या पाडून घेण्याचा मोह टाळावा. तो रेग्युलेटर परत नेणे बरे.

चौथी वस्तू पिंप. येथे मात्र जुने घेण्यास हरकत नाही. नेहमीचे पिंप सुमारे एकोणीस लिटरांचे असते, म्हणजे आपल्याकडील साडेसहाशे मिलिलिटरच्या एकोणतीस बाटल्या त्यात मावतात. जुन्या पिंपांच्या जाती दोन: एकीच्या तोंडास खिट्ट्या असतात, दुसरीच्या नसतात. एकीच्या जोडण्या दुसरीस बसत नाहीत. म्हणून पहिले पिंप ज्या जातीचे, तीच जात पुढे पाळावी. पिंपास रबराच्या पाच कड्या असतात: झाकणास एक, दोन तोंडांस दोन, आतील दोन नळ्यांस दोन. त्या सगळ्या बदलून घ्याव्यात. पूर्वीच्या पाकाचा वास त्यांतच दडलेला असतो. मग थोडा दाब भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. सायकलचे पंक्चर शोधावे तसेच हे काम. बुडबुडा दिसला की गळती सापडली. झाकणावरील कडी ओढून दाब पूर्ण सोडल्याखेरीज झाकण उघडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, आणि हे पिंप मुलांच्या हाती देऊ नये.

पिंप पोलादीच का, असे कोणी विचारील. आपल्या घरी तांब्या-पितळेची भांडी पिढ्यान् पिढ्या आहेत. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर कळकते, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. वायू मुरलेले पेयही आंबटच असते आणि ते तांबे विरघळविते. म्हणून तांब्याचा एखादा सांधाही ह्या पेयाच्या वाटेत नसावा. आणि बिदरची सुरई दिसण्यास कितीही देखणी असली, तरी बिदरी काम जस्तात थोडे तांबे मिसळून केलेले असते. तिने दिवाणखान्याची शोभा वाढवावी. तिच्यात सरबत भरून पाहुण्यांस देऊ नये. पोलादी पिंप धुतानाही एक पथ्य आहे: कपड्यांचे क्लोरीनचे पाणी त्यात भरून ठेवू नये, त्याने पोलादास बारीक खड्डे पडतात.

राहिली नळी आणि तोटी. ह्या वस्तू स्वस्त आहेत, पण नवख्यांचा सर्वांत अधिक वैताग त्यांच्यापायीच होतो. नळी आखूड असली तर पेय जोराने येऊन पेलाभर फेस होतो. आतून सुमारे पाच मिलिमीटर रुंदीची, दोन ते तीन मीटर लांबीची नळी घ्यावी आणि ती गुंडाळून फ्रिजमध्येच ठेवावी. तोटी प्लॅस्टिकची साधी असली तरी चालते. पितळी दांड्याच्या, भिंतीत बसविण्याच्या तोट्यांवर पहिल्या वर्षी पैसे घालविणे आम्हांस पटत नाही. वर्षभर वापर टिकला तर मग पाहावे.

लग्नाच्या सरबतासंबंधी दोन शब्द. पाणी उकळून गार केलेले असावे. वायू मुरविल्याने रोगजंतू मरत नाहीत. आल्याचा रस दोनदा फडक्यातून गाळावा, नाही तर तंतू नळीत अडकतात. सरबत थंडच ठेवावे व आठवड्यात संपवावे. साखरेचे पाणी आपल्याकडील उन्हाळ्यात बंद भांड्यात राहिले की आपोआप आंबू लागते. मग जे टाळावयाचे होते तेच पिंपात तयार होते, आणि दाबही वाढतो. शिवाय एका पिंपातून दोनशे मिलिलिटरचे पेले पंचाण्णवच निघतात. पाचशे पानांच्या लग्नास असली सहा पिंपे लागतील, आणि ती थंड ठेवण्यास फ्रिजही तितकेच. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर एवढ्या खर्चात तालुक्याचा सोडेवाला यंत्रासह मांडवात येऊन बसेल. संच आणावयाचाच असेल तर तो घरच्या चार माणसांच्या हौसेपुरता आणावा, मांडवासाठी नव्हे.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू.

माउली, तुम्ही दोनच ओळी लिहिल्या, परंतु त्या आम्ही पुनःपुन्हा वाचल्या. पिंप हे पोलादाचे भांडे आहे; ते स्वतः कोणास बुडवीत नाही. तथापि भांड्याने माणसाची सवय बदलते, हे आम्ही नाकारीत नाही. बाटली मोजता येते. सकाळी कोपऱ्यात किती रिकाम्या उभ्या आहेत हे घरातील बाई पाहते, पिणाराही पाहतो, आणि त्या पाहण्याचाही थोडा धाक असतो. नळास असा हिशेब नाही. पेला अर्धा झाला की पुन्हा भरतो, आणि एकोणीस लिटर कोणत्या संध्याकाळी संपले ते कोणास सांगता येत नाही. शंभरात पाच भाग मद्यार्क असलेल्या बिअरच्या एका पिंपात जवळजवळ एक लिटर शुद्ध मद्यार्क असतो. अर्ध्या लिटरच्या एका पेल्यात सुमारे वीस ग्रॅम. बिअर म्हणजे दारू नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत असे सांगितले की, आरोग्यास मुळीच अपाय करणार नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

म्हणून ह्या घरात बिअरचे पिंप येऊ नये, असेच आमचे मत आहे. कायदा हे त्याचे एक कारण झाले. तुमच्या दिरांची आठवण हे दुसरे, आणि आमच्या लेखी ते अधिक वजनाचे. ज्या घराने एक माणूस गमाविला त्या घरास "आता काळ बदलला" असे ऐकविण्याचा अधिकार कोणास नाही, पोटच्या मुलासही नाही. मात्र मुलास हे रागाने सांगू नका. त्याचे काका गेले तेव्हा तो लहान असेल. तुम्ही काय भोगले हे त्यास कदाचित कोणी सांगितलेही नसेल. नाताळास तो आला की एका संध्याकाळी त्यास जवळ बसवून ते सांगा. पिंपाचा प्रश्न त्यानंतर बहुधा आपोआप सुटेल.

आणि तो जर म्हणाला, "आई, मी सरबताचेच पिंप आणतो," तर आणू द्यावे. टाकी ओसरीवर, सावलीत, साखळीने बांधलेली असावी. वाल्व रोज रात्री तुम्ही स्वतः बंद करून पाहावा.

इंग्लंडमधील त्या तरुणासही आमचे सांगणे आहे. तुमच्या हातची कारागिरी आम्ही कमी लेखीत नाही. स्वच्छता, मोजमाप आणि धीर ह्यांवाचून हे काम होत नाही. बिअर आंबण्याचे पूर्ण थांबल्याखेरीज ती पिंपात भरू नका. घनतेचे माप दोन-तीन दिवस एकच येते काय ते पाहा. रेग्युलेटर चांगला घ्या, आणि टाकी निजण्याच्या खोलीत ठेवू नका. पिंपाशेजारी भिंतीवर एक पाटी टांगा आणि घेतलेल्या प्रत्येक पेल्यामागे तिच्यावर एक रेघ ओढा. रेघा ओढण्याचा ज्या दिवशी कंटाळा येईल, किंवा कोणी पाहण्यापूर्वी त्या पुसाव्याशा वाटतील, त्या दिवशी टाकीचा वाल्व बंद करा आणि आईस फोन करा.